चार दिवस न थांबलेली उचकी

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता सूप पिऊन वाटी खाली ठेवली आणि पहिली उचकी आली. वेळ नेमकी लक्षात आहे, कारण आठची गोळी चुकू नये म्हणून मी घड्याळाकडे बघतच बसलो होतो.

आदल्या दिवशी सकाळी माझी खालची डावी अक्कलदाढ काढली होती. हाडात आडवी रुतून बसलेली दाढ, त्यामुळे थोडं हाड कोरावं लागलं आणि तीन टाके पडले. गाल फुगला होता आणि तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. दंतवैद्यांनी घरी जाताना सूचनांचा कागद दिला होता: गार आणि मऊ खा, जोरात चूळ भरू नका, थुंकू नका, आठवडाभर स्ट्रॉने काही पिऊ नका. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तेच जखमेचं झाकण असतं. तोंडात ओढ निर्माण झाली तर गुठळी निघून येते, हाड उघडं पडतं आणि मग जे दुखतं ते दाढ काढण्यापेक्षाही वाईट असतं. हा कागद मी मन लावून वाचला होता. गोळ्यांच्या पाकिटांवरची नावं मात्र वाचली नव्हती. कुठली कधी घ्यायची एवढंच पाहिलं होतं.

पहिल्या दहा मिनिटांत काहीच वाटलं नाही. उचकी काय, येते आणि जाते. पाणी प्यायलो. थांबली नाही. अर्ध्या तासाने मुलीने घड्याळ लावून मोजायला सुरुवात केली. ती आठ वर्षांची आहे, तिला मोजायला आवडतं. “बाबा, एका मिनिटात बावीस,” तिने सांगितलं आणि वहीत लिहून ठेवलं. ती वही पुढे फार उपयोगी पडणार होती.

प्रत्येक उचकीला जबड्याला हिसका बसत होता. एरवी उचकी छातीत जाणवते, इथे ती टाक्यांत जाणवत होती. बोलायला सुरुवात केली की शब्द मधेच तुटायचा, आणि तो तुटताना दातावर दात आपटायचे. अंथरुणावर आडवा झालो तर जोर आणखी वाढला. रात्री अकराला उशांचा ढीग करून खुर्चीत बसलो आणि तिथेच डुलक्या घेतल्या.

घरगुती उपायांची माझी यादी त्याच रात्री सुरू झाली. आधी श्वास रोखला. पंधरा सेकंद, मग वीस. उचकी थांबली, तीन-चार मिनिटं शांतता झाली आणि पुन्हा सुरू. गार पाणी छोट्या छोट्या घोटांनी न थांबता प्यायलो, दहा घोट. पाच मिनिटं शांत, पुन्हा सुरू. गुडघे छातीशी घेऊन बसलो, तेव्हाही काही वेळ थांबली. मध्यरात्री बायको उठून आली आणि म्हणाली, “अहो, साखर घेऊन बघा. चमचाभर कोरडी, पाण्याशिवाय.” जिभेच्या मागच्या बाजूला साखर ठेवली, दाणे विरघळू न देता गिळले. अकरा मिनिटं उचकी नाही. अकरा मिनिटं म्हणजे मला वाटलं, सुटलो. बाराव्या मिनिटाला ती परत आली.

त्या वेळी मी याचा अर्थ चुकीचा लावला. उपाय कुचकामी आहेत असं मला वाटलं. खरं म्हणजे प्रत्येक उपाय आपलं काम करत होता. उचकीचं चक्र तुटत होतं आणि कुठलीतरी गोष्ट ते पुन्हा सुरू करत होती. ती गोष्ट कोणती, हा प्रश्न मी शनिवारभर आणि रविवारभर स्वतःला विचारलाच नाही.

म्हणजे विचारला, पण उत्तर पटकन देऊन टाकलं. दोन दिवस गार खातोय, आइस्क्रीम खातोय, त्याचंच हे. एका बाजूने, अर्धवट तोंडाने गिळताना हवा पोटात जाते, तेही असेल. ही दोन्ही उत्तरं अगदीच चूक नव्हती. भरभर जेवणं, पोट तुडुंब भरणं, फसफसणारी पेयं, मद्य, गरम खाऊन लगेच गार पिणं, जेवताना हसणं-बोलणं, गिळलेली हवा, एकदम आलेला आनंद किंवा ताण, नेहमीच्या उचकीची कारणं हीच असतात. पोट फुगतं, अन्ननलिका चाळवते आणि उचकी लागते. पण अशी उचकी काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत विरते. माझी विरत नव्हती. शनिवारी मी आइस्क्रीम बंद केलं, सगळं कोमट खाल्लं, अगदी सावकाश खाल्लं. आकडा बावीसचा चोवीस झाला.

शनिवारी रात्री दोन वाजता मी फोनवर वाचायला लागलो. झोप नसताना आजारांबद्दल वाचू नये हे मला माहीत होतं, तरी वाचलं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले चार्ल्स ऑस्बोर्न यांना १९२२ साली उचकी लागली ती १९९० साली थांबली. अडुसष्ट वर्षं. सुरुवातीला मिनिटाला चाळीसपर्यंत. त्यांनी त्यातच संसार केला, मुलं वाढवली. मी फोन खाली ठेवला आणि खुर्चीत ताठ बसून राहिलो. बायको झोपली होती, तिला उठवलं नाही. त्या रात्रीइतकं एकटं मला फार क्वचित वाटलं असेल. उचकी म्हटलं की लोक हसतात. ज्याला ती दोन दिवस थांबत नाही त्याला जेवता येत नाही, झोपता येत नाही, कोणाशी नीट बोलता येत नाही. पोटाच्या वरच्या भागातले आणि बरगड्यांमधले स्नायू रविवार उजाडेपर्यंत इतके दुखायला लागले की शिंक येऊ नये म्हणून मी नाक धरून बसायचो.

रविवारी संध्याकाळी सात वाजता ४८ तास झाले. हा आकडा मला तेव्हा नुकताच कळला होता. ४८ तासांच्या आतली उचकी साधी धरतात, त्यापुढे गेली तर चिवट, आणि महिन्याच्या पुढे गेली तर हट्टी, उपचारांना सहज दाद न देणारी. ४८ तास ओलांडले की कारण शोधायला डॉक्टरांकडे जायचं असतं. रविवारी रात्री जाण्यासारखं काही नव्हतं: छातीत दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, ताप नव्हता. यातलं एक जरी असतं तरी तासांचा हिशेब न करता लगेच निघायला हवं होतं. मी सोमवारी सकाळी दहा वाजता आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे पोचलो.

त्यांनी पहिला प्रश्न मला नाही, बायकोला विचारला. “हे झोपतात तेव्हा उचकी थांबते का?”

“नाही. कमी होते, पण चालू असते. मी काल रात्री जागी राहून पाहिलं.”

त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. मानसिक ताणातून लागलेली उचकी बहुतेक वेळा गाढ झोपेत थांबते. झोपेतही चालू राहिली तर शरीरात कुठेतरी कारण आहे असं समजून शोधावं लागतं. बायकोचं ते जागरण इथे कामी आलं.

मग माझी तपासणी सुरू झाली आणि ती उचकीची वाटतच नव्हती. डोळे बोटामागे फिरवायला लावले. स्वतःच्या नाकाला आणि त्यांच्या बोटाला आळीपाळीने हात लावायला सांगितला. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फिरवून सारखं जाणवतं का विचारलं. चालवून पाहिलं. पाणी गिळताना ठसका लागतो का, एकाची दोन दिसतात का, आवाज बदललाय का. मग मान चाचपली, छातीला नळी लावली, पोट दाबलं. दोन्ही कानांत दिवा लावून पाहिलं. ईसीजी काढला. मी घाबरलोय हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ईसीजीचा कागद बघून त्यांनी तो माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, “हृदय ठीक आहे. बसा, मी काय शोधते आहे ते सांगते.”

कागदाच्या पाठीवर त्यांनी एक आकृती काढली. ती मी घरी आणली, अजून माझ्याकडे आहे.

छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा एक घुमट असतो, श्वासपटल. ते खाली सरकलं की फुप्फुसात हवा येते. उचकीच्या वेळी हे पटल आपल्या इच्छेशिवाय एकदम आकसतं, बरगड्यांमधले स्नायूही आकसतात आणि हवा जोरात आत ओढली जाते. साधारण ३५ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या तिसाव्या भागाइतक्या वेळात, स्वरतंतूंमधली फट धाडकन बंद होते. हवा अर्ध्या वाटेत अडते आणि तो ‘उच्’ आवाज होतो. मिनिटाला चारपासून साठपर्यंत कितीही वेळा हे घडू शकतं.

“हा झटका कोण देतं?” मी विचारलं. विचारतानाही तीन उचक्या आल्या.

त्यांनी आकृतीवर बाण काढले. एक वर जाणारा, एक खाली येणारा. वर जाणारा निरोप प्रामुख्याने दोन नसांतून जातो. व्हेगस नस पोट, अन्ननलिका, हृदय, घसा असा मोठा मुलूख सांभाळते, तिची एक बारीक फांदी कानाच्या नळीतही असते. फ्रेनिक नस श्वासपटलाची. छातीतल्या मज्जातंतूंची एक साखळीही त्यात भाग घेते. यांतल्या कुठल्याही ठिकाणी काही टोचलं, सुजलं, ताणलं की निरोप मेंदूच्या देठापर्यंत आणि मानेतल्या मज्जारज्जूपर्यंत जातो, श्वासाचं नियंत्रण होतं त्याच परिसरात. तिथून हुकूम खाली येतो: मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या मज्जारज्जू-खंडांतून निघणाऱ्या फ्रेनिक नसेतून श्वासपटलाला आकसण्याचा, आणि व्हेगसच्या फांदीतून स्वरयंत्राला बंद होण्याचा.

आता तपासणीतली प्रत्येक गोष्ट जागेवर बसली. कानात पाहिलं ते पडद्याला एखादा केस टेकलाय का यासाठी, कारण तेवढ्यानेही चिवट उचकी लागल्याची उदाहरणं आहेत. मान चाचपली ती गाठीसाठी, थायरॉइड वाढलंय का यासाठी. छाती न्यूमोनियासाठी, पोट श्वासपटलाखाली कुठे पू किंवा सूज आहे का यासाठी. ईसीजी काढला कारण हृदयाची खालची बाजू श्वासपटलाला लागून असते आणि तिथल्या झटक्यात कधी कधी उचकी हे लक्षण असतं. बोटामागे डोळे फिरवले ते पक्षाघातासाठी. मेंदूच्या देठाच्या कडेला रक्तपुरवठा अडला तर चक्कर, गिळताना त्रास, अर्ध्या चेहऱ्याची जाणीव जाणं यांच्या जोडीला न थांबणारी उचकी येते. अंगावर काटा आला माझ्या. इतक्या किरकोळ समजल्या जाणाऱ्या गोष्टीची तपासणी इतकी खोल असते हे मला माहीत नव्हतं, आणि त्यांनी ती इतक्या मनापासून केली याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

रक्त तपासायला घेतलं. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर रक्तातला युरिया वाढून उचकी लागते. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम खाली गेलं तरी लागते. साखरही पाहिली. अहवाल दुपारी येणार होते.

मग त्या म्हणाल्या, “सध्या गोळ्या कुठल्या चालू आहेत?”

“कुठल्याच नाहीत,” मी म्हणालो. “दाताच्या तेवढ्या.”

हे वाक्य मी प्रामाणिकपणे उच्चारलं होतं. माझ्या डोक्यात दाताच्या गोळ्या म्हणजे दाताचाच भाग, त्यांचा छातीशी काय संबंध. बायकोने पर्स उघडून तिन्ही पाकिटं टेबलावर ठेवली. सकाळी निघताना तिने ती आपणहून घेतली होती. डॉक्टरांनी एकेक उलटून पाहिलं. पहिलं जंतुसंसर्गावरचं. दुसरं वेदनाशामक. तिसरं हातात घेऊन त्या थांबल्या.

“ही कधी सुरू केली?”

“गुरुवारी रात्री. दिवसातून दोनदा, पाच दिवस. सूज उतरण्यासाठी.”

“आणि उचकी?”

बायकोने मुलीची वही पुढे केली. शुक्रवार, संध्याकाळ सात. शनिवारी सकाळी ९ वाजता २२, दुपारी २४, रविवारी सकाळी २३. डॉक्टरांनी वही आणि पाकीट शेजारी शेजारी ठेवलं. “ही डेक्सामेथासोन आहे, स्टेरॉइड. काही लोकांना हिच्यामुळे उचकी लागते. पुरुषांमध्ये जास्त दिसतं. कर्करोगाच्या उपचारात उलटी होऊ नये म्हणून हेच औषध देतात, तिथे हा त्रास चांगला ओळखीचा आहे. दाढेनंतर दिलेल्या चार-पाच दिवसांत कोणाच्या लक्षात येईलच असं नाही.”

दंतवैद्यांची यात काही चूक नव्हती हे मला मुद्दाम सांगायचं आहे. आडवी दाढ कोरून काढल्यावर सूज कमी राहावी म्हणून हे औषध अनेक ठिकाणी दिलं जातं आणि बहुतेकांना त्याने आरामच पडतो. डॉक्टरांनी माझ्यासमोर त्यांना फोन केला. सूज उतरणीला लागली होती, पाकिटात दोनच गोळ्या उरल्या होत्या. दोघांच्या मताने त्या थांबवायच्या ठरल्या. फोन ठेवल्यावर डॉक्टरांनी मला बजावलं, “चार-पाच दिवसांचं स्टेरॉइड असं थांबवता येतं. महिनोन्महिने घेणाऱ्याने मनाने कधीच थांबवायचं नाही. शरीराची स्वतःची निर्मिती बंद पडलेली असते, एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं.” मी हे इथे लिहितोय ते याच कारणाने. कोणी माझा अनुभव वाचून आपल्या घरातल्या माणसाची गोळी बंद करू नये.

औषधांचा त्यांनी आणखी थोडा विस्तार केला. शस्त्रक्रियेआधी गुंगीसाठी देतात ती मिडाझोलामसारखी औषधं आणि अफूच्या वर्गातली वेदनाशामकं यांनीही काहींना उचकी लागते. स्टेरॉइड आणि माझं वेदनाशामक एकत्र आल्याने पोटात आम्ल वाढून अन्ननलिका चाळवत असण्याचीही शक्यता होती, म्हणून आम्ल कमी करणारी गोळी दिली आणि वेदनाशामक बदललं.

“उचकीवर थेट औषध नाही का?”

“आहे. क्लोरप्रोमाझिन जुनं आहे. अमेरिकेत उचकीसाठी अधिकृत मंजुरी असलेलं तेवढं एकच. पण त्याने रक्तदाब उतरतो, गुंगी येते. तुम्हाला आत्ता त्याची गरज नाही. दुपारी मूत्रपिंडाचा अहवाल चांगला आला तर बॅक्लोफेन देते, कमी मात्रेत. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते शरीरात साठतं, म्हणून आधी अहवाल.”

अहवाल चांगले आले. बॅक्लोफेन ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, दोन दिवस. ते स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं औषध आहे आणि उचकीच्या चक्रालाही सैल करतं. थोडी झोप येईल, गाडी चालवू नका, असं सांगितलं होतं.

पण त्या दुपारची सगळ्यात उपयोगाची गोष्ट वेगळीच होती. मी त्यांना विचारलं होतं की घरी जे काही करून पाहिलं त्यात काही अर्थ होता का, आणि त्यांनी आकृतीवर बोट ठेवून एकेक उपाय समजावला. बहुतेक उपाय दोनपैकी एक काम करतात. काही व्हेगस नसेला दुसरा, जास्त जोराचा निरोप देतात: गार पाण्याचे सलग घोट, घशात खरखरणारी साखर, गुळण्या. काही श्वासपटलाला ताणून धरतात किंवा रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढवतात: श्वास रोखणं, गुडघे छातीशी घेणं. कार्बन डायऑक्साइड वाढला की उचक्यांची गती मंदावते, कमी झाला की वाढते. म्हणूनच घाबरून धापा टाकत बसलं की उचकी जोर धरते, आणि शनिवारी रात्री मी नेमकं तेच करत होतो.

श्वास रोखण्याची एक नीट पद्धत त्यांनी मला करून दाखवली. फुप्फुसातली सगळी हवा बाहेर सोडायची. मग जमेल तितका खोल श्वास घेऊन १० सेकंद धरायचा. सोडायचा नाही. आता जागा उरली नाही असं वाटत असतानाच वरून आणखी थोडी हवा आत घ्यायची आणि ५ सेकंद धरायची. पुन्हा एकदा थोडी आणि आणखी ५ सेकंद. मग हळूच सोडायची. दुसऱ्यांदा घेताना श्वासपटल अगदी तळाशी ताणलेलं जाणवतं. तिथल्या तिथे, त्यांच्यासमोर, माझी उचकी थांबली. सतरा मिनिटं. त्या तीन दिवसांतला तो उच्चांक होता. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्याने मात्र इतका जोर करू नये.

स्ट्रॉचा उपाय त्यांनी सांगितला आणि लगेच माझ्यासाठी रद्द केला. अरुंद नळीतून जोर लावून पाणी ओढायचं आणि लगेच गिळायचं, म्हणजे एका वेळी श्वासपटलही ताणलं जातं आणि व्हेगसही कामाला लागते. या तत्त्वावर बनवलेल्या एका खास नळीचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. २४९ जणांनी ती वापरली आणि जवळपास ९२ टक्के वेळा उचकी थांबल्याचं त्यांनी नोंदवलं. तुलनेसाठी नळी न दिलेला गट त्यात नव्हता, त्यामुळे आकडा थोडा राखूनच घ्यायला हवा, पण तत्त्व मला पटतं. फक्त दाढेच्या ताज्या खड्ड्यावर ओढ घेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. गुळण्यांचंही तेच. माझ्यासाठी उरले होते श्वास, घोट, गुडघे आणि साखर.

साखरेवरही अभ्यास झालेला आहे हे मी नंतर वाचलं. १९७१ साली एका वैद्यकीय नियतकालिकात छोटं पत्र छापून आलं होतं: वीस जणांना चमचाभर कोरडी साखर गिळायला दिली, एकोणिसांची उचकी थांबली. वीस म्हणजे फार थोडी माणसं, पण बायकोचा मध्यरात्रीचा उपाय कुठून तरी सुचलेला नव्हता. मधुमेह असेल तर मात्र तो सोडून द्यावा आणि पाण्याचे घोट घ्यावेत.

काय करू नये तेही त्यांनी सांगितलं होतं. डोळ्यांच्या बुबुळांवर दाब देणं हा जुना उपाय अजून सांगितला जातो, त्याने डोळ्याला इजा होऊ शकते. मानेतली रक्तवाहिनी चोळणं घरी करायची गोष्ट नव्हे, वयस्कर माणसाच्या बाबतीत तर अजिबात नाही. प्लॅस्टिकची पिशवी तोंडावर धरणं तर कोणीच करू नये. आणि कोणाला मागून येऊन दचकवणं मला आता पाहवतही नाही. दुखऱ्या जबड्याचा, जागरण झालेला माणूस दचकतो तेव्हा त्याला काय होतं ते मी रविवारी अनुभवलं, एका शेजाऱ्यांनी चांगल्या हेतूने ते केलं होतं.

सोमवारची रात्रही खुर्चीतच गेली, पण मिनिटाला सोळा. गोळी थांबवली तरी डेक्सामेथासोनचा परिणाम शरीरात दीड-दोन दिवस, कधी तीन दिवसही टिकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. सांगितलं नसतं तर मंगळवारी सकाळी मी पुन्हा घाबरलो असतो. मंगळवारी दुपारी नऊ. संध्याकाळी पहिल्यांदा पूर्ण पाऊण तास काही नाही. मुलगी समोर वही घेऊन बसली होती आणि दर पाच मिनिटांनी शून्य लिहीत होती, फार गंभीर चेहऱ्याने. पाऊण तासाने उचकी आली तेव्हा तिचाच चेहरा पडला. मी तिला सांगितलं की आता ती जायला निघाली आहे.

बुधवारी पहाटे चारच्या सुमाराला मी जागा झालो आणि जाग कशाने आली ते कळेना. मी अंथरुणात आडवा होतो, खुर्चीत नाही. कधी आडवा झालो तेही आठवत नव्हतं. छाती स्वस्थ होती. मी बराच वेळ तसाच पडून, येईल येईल म्हणून वाट पाहिली. श्वास आत जात होता आणि बाहेर येत होता, मधे काही तुटत नव्हतं. मग बायकोच्या हाताला हात लावला. ती जागीच होती. “थांबली ना?” ती म्हणाली. “मघापासून ऐकते आहे.”

बरा झाल्यावर मी या विषयावर पुष्कळ वाचलं, या वेळी दिवसाउजेडी. प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’ या संवादात नाटककार अरिस्टोफेनीसला भाषणाची पाळी आल्यावर उचकी लागते आणि शेजारी बसलेला वैद्य त्याला तीन उपाय सांगतो: श्वास रोख, नाही तर गुळण्या कर, तरीही नाही थांबली तर नाकात काही घालून शिंक काढ. जवळपास चोवीसशे वर्षांपूर्वीचा मजकूर आहे आणि माझ्या डॉक्टरांनी काढलेल्या आकृतीवर तिन्ही उपाय बरोबर बसतात. नसांची नावं कोणाला माहीत नव्हती तेव्हाही माणसांनी निरीक्षणाने बरोबर जागा गाठली होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

उचकीचा उपयोग काय, यावर अजून एकमत नाही. गर्भ नऊ-दहा आठवड्यांचा असल्यापासून पोटात उचक्या देतो. मुलीच्या वेळी बायकोला शेवटच्या महिन्यांत ठरावीक ठेक्यात टकटक जाणवायची, ती उचकीच होती. २०१९ मध्ये तेरा नवजात बाळांच्या मेंदूतल्या लहरी उचकीच्या वेळी मोजल्या गेल्या, तेव्हा प्रत्येक उचकीनंतर मेंदूच्या पृष्ठभागावर उत्तर उमटताना दिसलं. श्वासाचे स्नायू ताब्यात घ्यायला बाळ यातूनच शिकत असावं असा संशोधकांचा अंदाज आहे. दुसरं एक मत म्हणजे दूध पिणाऱ्या पिल्लाच्या पोटातली हवा वर काढून दुधाला जागा करून देणारी ही युक्ती आहे. बेडकाच्या पिल्लांच्या कल्ल्यांनी श्वास घेण्याशी नातं जोडणारंही एक मत आहे. मला बाळाच्या शिकण्याचं पटतं, कदाचित ती टकटक मी स्वतः हाताने अनुभवलेली असल्यामुळे.

त्यानंतर साधी उचकी दोन-तीनदा लागली, जशी सगळ्यांना लागते. एकदा फार भरभर जेवल्यावर, एकदा फसफसणारं पेय प्यायल्यावर. दोन्ही वेळा सगळी हवा सोडून दहा-पाच-पाचचा श्वास घेतला आणि लगेच गार पाण्याचे घोट. पहिल्यांदा एका फेरीत थांबली, दुसऱ्यांदा दोन फेऱ्या लागल्या. परत आली नाही. परत आणणारं काही मागे नव्हतं.

उजवीकडची दाढ काढायची बाकीच होती. सहा महिन्यांनी तिची पाळी आली तेव्हा खुर्चीवर बसण्याआधी मी दंतवैद्यांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली: ‘डेक्सामेथासोन घेतल्यावर १०० तासांहून अधिक उचकी.’ त्यांनी ती पूर्ण वाचली, माझ्या कागदांवर लाल शाईने नोंद केली आणि या वेळी ते औषध लिहिलं नाही. सूज थोडी जास्त आली. पहिल्या दिवशी दर काही वेळाने गालावर बर्फाची पिशवी धरून बसलो होतो. मुलीने नवी वही काढून ठेवली होती. रविवारपर्यंत तिच्यात तारखेखेरीज काही लिहावं लागलं नाही.